पंप बंद पडण्याआधी

इंदूरहून अहमदाबादकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४७ धार ओलांडून सरदारपूर तालुक्यात शिरतो आणि पुढे झाबुआच्या वाटेवर माछलिया घाट लागतो. मे महिन्यात या चढावर बॉनेट उघडून, रेडिएटरवर ओलं फडकं टाकून उभी असलेली गाडी दिसली की कुणाला नवल वाटत नाही. गाडी ओढून गॅरेजात आणली की मेकॅनिक सांगतो, ‘वॉटर बॉडी गेली.’ इकडच्या गॅरेजांत वॉटर पंपाला हेच नाव आहे. पंप बदलला जातो, नळाचं पाणी भरलं जातं आणि गाडी रस्त्याला लागते. पुढच्या उन्हाळ्यात बहुधा हीच कहाणी पुन्हा घडते.

पंप खराब निघाला, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. पण उघडलेले पंप नीट पाहिले तर बहुतेकांच्या बाबतीत गुन्हेगार बाहेर सापडतो. तो पाण्यात असतो, बेल्टमध्ये असतो, रेडिएटरच्या झाकणात असतो, नाहीतर अर्थिंगच्या सैल वायरीत असतो. डोंगरवाटा तुडवणाऱ्या गाड्या आणि पाण्याने थंड होणारी विमान-इंजिनं या दोन टोकांना पंपावरचा ताण सर्वांत जास्त असतो. म्हणून बिघाड का होतात आणि ते कसे टाळायचे याची उत्तरंही तिथेच सर्वांत स्पष्ट मिळतात.

या प्रश्नासाठी हा मुलूख योग्य आहे. पवार घराण्याच्या धार आणि देवास या दोन्ही जुन्या राजधान्यांच्या आसपास आज इंजिन आणि पंप यांचंच राज्य आहे. धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला फोर्स मोटर्सचा कारखाना आहे. व्हीई कमर्शियल व्हेइकल्सचा इंजिन प्रकल्पही तिथेच असून तो २०१३पासून व्होल्वोसाठी इंजिनं बनवतो. नॅट्रॅक्स ही वाहन-चाचणी संस्थाही पिथमपूरचीच. देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. १८८८मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झालेला हा मराठी उद्योग किर्लोस्करवाडीमार्गे माळव्यात पोहोचला.

पंपाच्या पोटात काय असतं?

पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकापर्यंत जाते, एक तृतीयांश धुरातून बाहेर पडते आणि उरलेली शीतकरणाच्या वाट्याला येते. हा तिसरा वाटा उचलून रेडिएटरपर्यंत नेणारं यंत्र अगदी साधं आहे. एका शाफ्टच्या टोकाला पात्यांची चकती असते, तिला इंपेलर म्हणतात. शाफ्टला आधार देणारं बेअरिंग असतं आणि पाणी व बेअरिंग यांच्यामध्ये एक सील.

सगळी मेख या सीलमध्ये आहे. त्यात दोन गुळगुळीत कड्या एकमेकींवर घासत फिरतात. एक कार्बनची असते, दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. त्यांच्यामध्ये कूलंटचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्यांचं वंगण. इंजिनात पाणी नसताना ते ‘फक्त एकदा चालवून पाहिलं’ तर हा थर नाहीसा होतो, कड्या कोरड्या घासतात आणि सीलचं आयुष्य तिथेच संपतं.

सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये पंपाच्या अंगाला खाली एक छोटं भोक ठेवलेलं असतं. सीलमधून निसटलेलं पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, एवढंच त्याचं काम. या भोकाखाली बॅटरीचा उजेड टाकून पाहा. वाळलेल्या कूलंटचा हिरवट किंवा गुलाबी खरपुडीसारखा डाग असेल, पण बोटाला ओल लागत नसेल, तर लक्ष ठेवायचं. थेंब लोंबत असेल तर पंपाने नोटीस दिली असं समजायचं. एम-सील लावून हे भोक बुजवणारे महाभाग भेटतात. त्यांनी गळती थांबवलेली नसते, तिचा मोर्चा फक्त बेअरिंगकडे वळवलेला असतो.

कारण पुढची साखळी ठरलेली आहे. सीलमधून आलेलं पाणी बेअरिंगचं ग्रीस धुऊन नेतं. बेअरिंग खडखडतं, शाफ्ट डुलायला लागतो. डुलणारा इंपेलर कवचाला घासतो आणि बेल्ट तिरका होऊन उतरतो किंवा तुटतो. रस्त्यावर आपल्याला दिसतो तो या साखळीचा शेवट, तुटलेला बेल्ट. म्हणून बेल्ट नवा टाकून भागत नाही.

पाण्यातला शत्रू

माळवा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. इथल्या विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. असं पाणी इंजिनात तापलं की क्षारांचा थर धातूवर बसतो. त्याने दुहेरी नुकसान होतं. थर उष्णता अडवतो आणि त्याचे सुटे कण सीलच्या कड्यांवर पॉलिश पेपरसारखे फिरतात. मही नदी याच सरदारपूर तालुक्यातल्या मिंडा गावाजवळ उगम पावते. उगमाचं पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी इंजिनासाठी क्षार काढलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीच हवं. बॅटरीत तेच घालायची शिस्त आपल्याला आहे, रेडिएटरच्या बाबतीत मात्र आपण हात आखडता घेतो.

कूलंट म्हणजे थंडीत गोठू नये म्हणून घालायचं औषध, असा समज आपल्याकडे पक्का आहे. त्यामुळे ‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?’ हा प्रश्न हमखास येतो. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी यांचं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, हे खरं. पण माळव्यात त्याचे दुसरे दोन गुण कामाचे आहेत. एक, त्याचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा काही अंशांनी वर असतो. दोन, त्यातली गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनियम, लोखंड आणि सोल्डर यांना जपतात. ही द्रव्यं खर्च होतात. कूलंटचा रंग तसाच राहतो आणि संरक्षण निघून गेलेलं असतं. म्हणून जुन्या प्रकारचं कूलंट दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं नवं कूलंट सुमारे पाच वर्षं चालतं. दोन प्रकार एकमेकांत मिसळले तर गाळ धरण्याचा धोका असतो. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असंही नाही.

पुढचा शत्रू विजेचा. विंच, जादा दिवे, वायरलेस सेट असं सामान चढवलेल्या गाडीत अर्थिंग कच्चं राहिलं तर परतीचा प्रवाह कूलंटमधून वाट काढतो. मग ॲल्युमिनियमचं पंप-कवच आणि रेडिएटर आतून खाल्ले जातात. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचं, दुसरं रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये बुडवायचं आणि एकेक उपकरण चालू करून पाहायचं. ॲल्युमिनियमच्या इंजिनात आकडा ०.१ व्होल्टच्या वर गेला तर आधी वायरिंग दुरुस्त करायचं. इंजिन थंड असतानाच झाकण उघडावं, हे वेगळं सांगायला नको.

बुडबुड्यांचा मार

विहिरीवर मोटर बसवणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पंप ढकलण्याच्या बाजूने दांडगा असतो, ओढण्याच्या बाजूने नाजूक. पाणी खोल गेलं, फूट व्हॉल्व्ह गळला किंवा पाइपात हवा शिरली की पंप ‘पाणी सोडतो’. इंजिनाचा वॉटर पंप त्याच जातीचा, सेंट्रिफ्यूगल आहे. फरक इतकाच की त्याचं पाणी उकळण्याच्या बेतात असतं.

इंपेलरच्या पात्यामागे दाब कमी होतो. तो त्या तापमानाच्या बाष्पदाबाखाली गेला की पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. जास्त दाबाच्या भागात येताच ते फुटतात आणि प्रत्येक फुटण्याबरोबर धातूवर सूक्ष्म घाव बसतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. असा मार खाल्लेल्या इंपेलरच्या पात्यांच्या कडा वाळवीने पोखरलेल्या लाकडासारख्या दिसतात.

यावर खरा उपाय ओढण्याच्या बाजूचा दाब टिकवणं हा आहे आणि तो दाब रेडिएटरच्या झाकणावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणाने एक बार जादा दाब धरला तर १२० अंशांना. थकलेली स्प्रिंग आणि चिरलेलं रबर असलेलं झाकण हा फरक घालवतं. पंप बदलताना झाकण बदलायचा खर्च किरकोळ असतो, तरी बहुतेक वेळा तेच राहून जातं. तीच गत खालच्या होजची. होज मऊ पडला असेल आणि त्यात आधाराची स्प्रिंग नसेल, तर जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने तो आत चिपकतो. गाडी उभी असताना तो ठणठणीत दिसतो, त्यामुळे निदान चुकतं.

चढावर वेग कमी, शर्यतीत जास्त

बेल्टवर चालणाऱ्या पंपाचं गणित ठरलेलं आहे. वेग दुप्पट झाला की प्रवाह दुप्पट होतो, दाब चौपट आणि पंपाला लागणारी ताकद आठपट. उलट बाजूने पाहिलं तर ४ हजारऐवजी १ हजार आरपीएमला प्रवाह पाव उरतो आणि दाब सोळावा हिस्सा.

डोंगरवाटेच्या गाडीची कोंडी इथे आहे. लो गिअरमध्ये दगडांवरून रांगताना इंजिनावर भार पुरेपूर असतो, पण पंप हळू फिरतो आणि समोरून वाराही येत नाही. तीच गाडी वाळूत किंवा शर्यतीत लाल रेषेवर पळवली की पंप इतका जोरात फिरतो की कॅव्हिटेशन सुरू होतं. लहान पुली लावून पंप वेगात फिरवला तर पहिली अडचण सुटते आणि दुसरी वाढते. मोठी पुली लावली तर याच्या उलट. म्हणून ताकद वाढवलेल्या इंजिनांत इंपेलरच्या पात्यांचा आकार, कवचापासूनचं अंतर आणि पुलीचं प्रमाण या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. दाबून बसवलेला इंपेलर शाफ्टवर घसरू नये म्हणून तो पिन घालून पक्का करण्याची पद्धतही शर्यतीच्या इंजिनांत आहे.

चिखलपाण्याचा हिशेब वेगळा. फोर्सची गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी सांगते. पण गाडी निघाली म्हणजे पंप सुखरूप राहिला असं नसतं. पंपाच्या शाफ्टवरच पंखा बसवलेल्या जुन्या बनावटीच्या गाड्यांत पंखा पाण्यात शिरला की पाती वाकतात. वाकलेला किंवा एक पातं तुटलेला पंखा प्रत्येक फेऱ्याला बेअरिंगला हिसका देतो. माळव्याची काळी माती रेडिएटरच्या जाळीत बसून उन्हात विटेसारखी वाळते, मग पंप कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, बेताच्या दाबाने धुवावी. प्रेशर वॉशरची धार थेट पंपाच्या बेअरिंगवर किंवा त्या छोट्या भोकावर मारू नये.

बेल्ट ओढून घट्ट करण्याची हौसही बेअरिंगला महागात पडते. साध्या व्ही-बेल्टला दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर लवचिकता असावी. पंपाला आवाज येतो म्हणून बेल्ट आवळणं म्हणजे दुखण्यावर चिमटा काढणं.

आकाशातलं पाणी

विमानांच्या पिस्टन इंजिनांत बराच काळ वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनांचा वरचष्मा राहिला, कारण जे नाही ते बिघडत नाही. पाण्याची बाजू दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उचलली गेली. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल वापरत. ते जास्त तापमान सहन करतं म्हणून रेडिएटर लहान चालायचा, पण ते गळायचं, पेट घ्यायचं आणि पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहायचं. पुढच्या आवृत्त्यांत ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल दाबाखाली ठेवण्याची पद्धत आली. दाब आणि मिश्रण यांचा मेळ घालणारं आजचं शहाणपण बरंचसं तिथलं आहे.

भारतात आज हे पाणी कुठे फिरतं? संरक्षण मंत्रालयाने २०१५मध्ये स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडे १९४ ‘व्हायरस एसडब्ल्यू ८०’ विमानांची मागणी नोंदवली. ती हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी होती. एनसीसीची मुलं ज्यात पहिल्यांदा आकाश पाहतात त्या या विमानात ऑस्ट्रियन बनावटीचं रोटॅक्स ९१२ इंजिन असतं. हेरॉन या वैमानिकरहित विमानात त्याचाच टर्बो भाऊ, रोटॅक्स ९१४. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत डायमंड डीए ४२ विमानं आहेत. त्यांची डिझेल इंजिनं मर्सिडीजच्या मोटारीच्या इंजिनावरून घडवलेली आहेत. फोर्स गुरखाच्या इंजिनाचा वंशही मर्सिडीजचाच, त्यामुळे ही दोन इंजिनं लांबून भाऊबंद लागतात.

रोटॅक्स ९१२ची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात सिलिंडर वाऱ्याने थंड होतात आणि फक्त हेड पाण्याने. पंप इंजिनाच्या मागच्या भागात अंगभूत असून कॅमशाफ्टवरून फिरतो. त्यामुळे इंजिन ५,८०० आरपीएमला असताना पंप त्याच्या निम्म्या वेगानेच फिरतो. बेल्ट नसल्याने घसरणं, तुटणं, आवळणं हे सगळे प्रश्न मुळातच राहत नाहीत. याउलट दोन स्ट्रोकच्या रोटॅक्स ५८२मध्ये पंपाचा इंपेलर रोटरी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाला असतो. तिथलं सील गेलं तर कूलंट त्या शाफ्टच्या तेलात मिसळतं. तेलाच्या छोट्या टाकीत दुधाळ रंग दिसला तर उड्डाण तिथेच रद्द.

उंची हा आकाशातला खास शत्रू. हेरॉन सुमारे ३० हजार फुटांपर्यंत जातं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ३० टक्के असतो आणि उघड्या भांड्यातलं पाणी ७० अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाने एक बार दाब धरला तरच उत्कलनबिंदू पुन्हा शंभरीपार जातो. विमान चोवीस तासांहून अधिक काळ हवेत असतं आणि बॉनेट उघडायला वर कुणी नसतं. लडाखला जाणाऱ्या जीपलाही हीच गोष्ट थोड्या प्रमाणात लागू होते. लेहच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांना उकळतं. पुण्यात निभावलेलं सैल झाकण तिथे दगा देतं.

अजून वादात असलेलं

काही मुद्द्यांवर जाणकारांचंही एकमत नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार रेडिएटरची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह, काढून टाकण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो, तिथे तो काढल्यावर गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरत राहतं. शिवाय थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे हेडमध्ये टिकणारा दाब कमी होऊन वाफेचे कप्पे तयार होऊ शकतात. शर्यतवाले थर्मोस्टॅट काढतात तेव्हा त्या जागी ठरावीक भोकाची चकती बसवतात, हे इथे विसरलं जातं.

पाणीविरहित कूलंटचा उत्कलनबिंदू १८० अंशांच्या आसपास असतो आणि ते वापरलं की प्रणाली दाबाशिवाय चालते. पण ते पाण्याइतकी उष्णता वाहत नाही, त्यामुळे हेड जास्त गरम राहतं. गळती झाली तर वाटेत पाणी ओतून वेळ मारून नेण्याची सोयही जाते. कॅव्हिटेशनने त्रस्त इंजिनाला ते तारू शकतं, छोट्या रेडिएटरच्या इंजिनाला मारकही ठरू शकतं.

विजेवर चालणारा पंप वेगाची कोंडी फोडतो. रांगताना पूर्ण प्रवाह देतो आणि इंजिन बंद केल्यावरही फिरत राहून टर्बोची उष्णता काढतो. त्याची किंमत म्हणजे बॅटरी, रिले आणि वायरिंग यांच्यावरचं अवलंबन. विमानात बदली पंपाशिवाय हे धाडस सहसा कुणी करत नाही. प्लास्टिकच्या इंपेलरबद्दलही असंच म्हणता येईल. काही मोटारींत ते तडकून किंवा शाफ्टवर सैल होऊन बदनाम झाले, पण चांगल्या प्रतीच्या काचतंतूयुक्त प्लास्टिकला गंज चढत नाही.

सर्वांत मोठा वाद पंप कधी बदलावा हा आहे. ठरावीक वेळ झाली की बदला, असं एक मत. चांगला चालतोय तर हात लावू नका, असं दुसरं. स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावरून अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेला अहवाल इथे मार्गदर्शक आहे. विमानाच्या भागांपैकी फक्त ११ टक्के भागांचे बिघाड वयाबरोबर वाढत होते आणि ६८ टक्के भागांत बिघाडाचं प्रमाण नवीन असतानाच सर्वांत जास्त होतं. चांगला पंप काढून नवा बसवण्यात नव्या गास्केटचा, राहिलेल्या हवेचा आणि चुकलेल्या टॉर्कचा धोका आपण विकत घेतो. त्यामुळे पंपाच्या बाबतीत पाहणीला प्राधान्य आणि रबराच्या बाबतीत मुदतीला, ही विभागणी शहाणपणाची ठरते. अपवाद एकच. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप बेल्टबरोबर बदलावा, कारण तिथे तो अडकला तर व्हॉल्व्हही सोबत जाऊ शकतात.

तापमानाचा काटा खोटं बोलतो तेव्हा

पाणी पूर्ण गेलं की काटा वर जाईल असं आपण धरून चालतो. पण सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी निघून गेल्यावर तो नुसत्या हवेत किंवा वाफेत राहतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. चढावर काटा अचानक उतरला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका, इंजिन बंद करा. हेडच्या धातूचं तापमान मोजणारा वेगळा सेन्सर आणि कूलंटची पातळी घटल्यावर पेटणारा दिवा, या दोन गोष्टी दुर्गम भागातल्या गाडीत जादा दिव्यांच्या आधी बसवाव्यात.

वही कुणाकडे आहे?

या सगळ्याचा ताळा केला तर गाडी आणि विमान यांच्यातला फरक पंपाच्या दर्जात नाही, नोंदीत आहे. रोटॅक्सच्या देखभाल पुस्तिकेत दर १०० तासांच्या तपासणीत पंपाखालचं ते भोक पाहण्याची ओळ आहे आणि रबरी होज पाच वर्षांनी बदलायची सक्ती आहे. ते पाहिलं की सही करावी लागते. आपल्या जीपला असं पुस्तक नसतं. असतं ते किलोमीटरवर चालतं आणि डोंगरवाटेवर किलोमीटर फसवतात. महामार्गावर ताशी ४० किलोमीटरच्या सरासरीने १० हजार किलोमीटर म्हणजे २५० तास. दगडधोंड्यांत ताशी १०च्या सरासरीने तेच २५० तास अडीच हजार किलोमीटरमध्येच संपतात. मीटरवरून गाडी नवी वाटते, पंप मात्र म्हातारा झालेला असतो.

शेतातल्या ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो, सर्व्हिसही त्यावरच ठरते. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तोच मीटर आणि एक वही हवी. प्रत्येक मोहिमेआधी कूलंटची पातळी, बेल्ट आणि पंपाखालचं भोक पाहावं. दर ५० तासांनी इंजिन बंद असताना पंपाची पुली हाताने हलवून खुळखुळ तपासावी आणि रेडिएटरची जाळी धुवावी. दर २५० तासांनी झाकणाची दाब-चाचणी आणि मल्टिमीटरने कूलंटमधल्या विजेची तपासणी करावी. प्रकारानुसार दोन किंवा पाच वर्षांनी कूलंट, पाच वर्षांनी सगळे होज. कूलंट भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवून हवा पूर्ण काढावी, नाहीतर नवा पंप पहिल्याच दिवशी कोरडा फिरतो.

पिथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये सुमारे १ हजार एकरांवर चाचणी-रस्ते आहेत. त्यातला ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा गोलाकार ट्रॅक जून २०२१मध्ये सुरू झाला. तिथे कारखाने आपली इंजिनं तासन्‌तास जास्तीत जास्त वेगावर ठेवून पाहू शकतात. ती चाचणी कारखान्याची. माछलिया घाटातल्या चाचणीचा खर्च मात्र गाडीमालकाच्या खिशातून जातो. पंपाची किंमत काही हजारांत असते, वाकलेल्या हेडची आणि अडकलेल्या पिस्टनची त्याच्या कित्येक पट. एका वहीची किंमत या दोन्हींच्या हिशेबात धरण्याइतकीही नाही.